फुटपाथ रुंद होणार, पण चालायला जागा किती? समजून घ्या

पुण्यातील जंगली महाराज रस्त्यावर पार्किंग आवरून फुटपाथ रुंद करण्यात आले. असे काम तुमच्या रस्त्यावर होणार असेल, तर एक आकडा लक्षात ठेवा : १.८ मीटर.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार फुटपाथवर किमान एवढी मोकळी जागा हवी. समोरासमोर आलेल्या दोन व्हीलचेअर त्यातून जाऊ शकतात. फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको.

इथे 'मोकळी' हा शब्द महत्त्वाचा. अडीच मीटरच्या फुटपाथवर एक मीटरचा डीपी बॉक्स बसवला, की उरतो दीड मीटर. कागदावर रुंद फुटपाथ, प्रत्यक्षात आजी-आजोबा गाड्यांच्या गर्दीत.

म्हणून आराखड्यात एकूण नव्हे, मोकळी रुंदी विचारा.