भंगारातून सजलेली अल्टो

आमच्या अल्टोच्या पुढच्या दोन्ही काचा आता बटण दाबलं की खाली जातात. यात कौतुक ते काय, असं आजच्या पिढीला वाटेल. पण पंधरा वर्षं हँडल फिरवून ज्यांचा खांदा धरला, त्या आमच्या सौ.ना विचारा! पहिल्या दिवशी कासार आंबोलीहून पौडपर्यंत त्यांनी ती काच किती वेळा वर-खाली केली, ते मी मोजायचं सोडून दिलं.

ही गाडी २००९ ची. तेव्हा मी बँकेत अधिकारी होतो, आणि म्हणूनच सर्वांत स्वस्त मॉडेल घेतलं होतं. लोकांना वाहनकर्जं देता देता एवढं कळलं होतं, की गाडी शोरूमबाहेर पडली की तिची किंमत घसरते आणि हौसेच्या वस्तूंची सर्वांत आधी. २०२४ मध्ये पंधरा वर्षं पुरी झाली, पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणीचं नूतनीकरण केलं. मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, आता नवी घ्या.’’ जुनी विकायची चौकशी केली, तर साठ हजारांच्या वर कुणी बोलेना. इंजिन ठणठणीत, आणि या वयात पुन्हा हप्ते कोण भरणार? तेव्हा ठरवलं, हिलाच थोडं सुखाचं करू; पण खर्च दहा हजारांच्या आत. गाडी विकताना हा पैसा परत मिळत नाही, तो वापरातच वसूल करायचा असतो.

आमच्या रस्त्याकडेच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीने पहिला धडा दिला. ‘‘काका, बाजारातलं चकचकीत काही आणू नका. ह्याच गाडीचं वरचं मॉडेल कुठं भंगारात निघालंय का, ते बघा.’’ बोलणं साधं, पण लाखमोलाचं. एकाच गाडीच्या स्वस्त आणि महाग मॉडेलांचा सांगाडा बहुतेक सारखाच असतो. दाराच्या पत्र्यात मोटरीसाठी लागणारी भोकंसुद्धा बऱ्याचदा कंपनीने आधीच पाडून ठेवलेली असतात. त्यामुळे कापाकापी होत नाही. शिवाय कायद्याचंही भान राहतं. गाडीत मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे.

भंगाराच्या बाजाराशी माझं नातं जुनं. नव्वदच्या दशकात माझ्याकडे प्रीमियर पद्मिनी होती. तिच्यासाठी मी मुंबईत कुर्ल्याला जात असे. गंमत अशी, की पद्मिनी ज्या कुर्ल्यात तयार व्हायची, त्याच कुर्ल्यात तिचे सुटे भाग टोपलीतल्या बटाट्यांसारखे पडलेले असत. एकदा दाराची मूठ आणायला गेलो आणि अख्खं दार घेऊन आलो. मूठ सुटी देईनात! ते दार गच्चीवर कितीतरी वर्षं होतं. असो.

या वेळी मात्र पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार गाठला. रविवार होता. कुलपं, पितळी तपेल्या, घड्याळं ओलांडत गाड्यांच्या सामानापाशी पोचलो. दोन दुकानं धुंडाळल्यावर अपघातात मागून चेपलेल्या एका अल्टोची पुढची दारं मिळाली. आत काच उचलणारी यंत्रणा, मोटरी, बटणं, सगळं शाबूत. मिस्त्रीने बजावून पाठवलं होतं, की मोटर तिथेच बॅटरीला जोडून फिरवून बघा आणि वायरिंग सॉकेटसकट घ्या, पकडीने तोडलेलं नको. एक मोटर कण्हत होती. ती बदलून घेतली. सगळं मिळून अडतीसशे रुपये. पावती मागितली, तसा दुकानदार हसला. ‘‘साहेब बँकेतले दिसताय!’’ पण चोरीच्या गाडीचा माल गळ्यात पडला तर उत्तर आपल्याला द्यावं लागतं. पावती मिळाली.

इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. कोपऱ्यात चार ॲलॉय चाकं दिसली, टायरांसकट. नक्षी झोकदार, भाव सात हजार. ‘‘बसतील, साहेब. सगळं बसतं.’’ बाजारातलं हे वाक्य ऐकलं की खिशातून मोजपट्टी काढावी. चार बोल्टांच्या चाकात समोरासमोरच्या बोल्टांच्या मध्यांमधलं अंतर मोजायचं; मिस्त्री लोक याला पीसीडी म्हणतात. माझ्या अल्टोचं ११४.३ मिलिमीटर, स्विफ्टचं १००. ही चाकं बरोबर ११४.३ ची निघाली. मोजपट्टी जुळली आणि माझी अक्कल तिथेच संपली. दहा हजारांची मर्यादा आठशेंनी मोडून मी चाकंही उचलली.

मिस्त्रीने चाकांच्या नक्षीकडे पाहिलंसुद्धा नाही. टायर फिरवला, कडेवरची धूळ अंगठ्याने पुसली आणि चार आकडे दाखवले : २७१५. म्हणजे २०१५ सालच्या सत्ताविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. वरची नक्षी भरपूर शिल्लक होती, पण कडेला केसांएवढ्या भेगा पडलेल्या. ‘‘रबर वाळलंय, काका. रिंगा बसवतो. हे टायर नाही बसवणार. दुसरीकडं बसवून घ्या.’’

मी हुज्जत घातली. एवढे पैसे दिलेत, निदान हा पावसाळा तरी निघेल, वगैरे. तो म्हणाला, ‘‘शनिवारी नातीला आणायला तुम्हीच जाता ना?’’

दर शनिवारी मी तिला पुण्याहून आणतो. पिरंगुटचा घाट उतरताना पावसात रस्ता गुळगुळीत झालेला, पुढे-मागे कारखान्यांचे ट्रक, आणि मागच्या सीटवर ती शाळेतल्या गोष्टी सांगत असते. मी गप्प बसलो. बँकेत तारणाची कागदपत्रं तपासताना तारखेकडे सर्वांत आधी बघणारा मी, टायरवरची तारीख बघायची विसरलो होतो.

पुढे त्याने आणखी सांगितलं : ब्रेकचं सामान, सीटबेल्ट, एअरबॅग जुन्या बाजारातून कधी आणू नका. सीटबेल्टने एकदा अपघाताचा हिसका खाल्ला, की तो बाहेरून कोरा दिसला तरी आतून ताणलेला असतो. आरसे, सीटा, दिवे, काचेच्या मोटरी खुशाल आणा. त्या बंद पडल्या तर फार तर चिडचिड होते.

नवे टायर घेतले, आणि दहा हजारांचा हिशेब पार कोलमडला. मुलाला अजून खरा आकडा सांगितलेला नाही.

काचांचं काम झालं तेव्हा मिस्त्रीने आमची जुनी हँडलं मागून घेतली. महिनाभराने गॅरेजवरून जाताना हाक आली. पिरंगुटच्या एका कारखान्यातल्या मुलाच्या अल्टोचं हँडल तुटलं होतं, त्याला जोडी दिली म्हणे. माझ्या हातात शंभराची नोट ठेवत मिस्त्री म्हणाला, ‘‘काका, पावती द्यायची का?’’