वहीतला खिळा, नळीतला खिळा

दोस्तांनो, प्रयोगवही तुम्ही कधी लिहिता? प्रयोगाच्या आधी की नंतर? खरं सांगा हं! आठवी-नववीतल्या पुष्कळ मुलांच्या वहीत ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ आदल्या रात्रीच लिहून झालेलं असतं. ताईच्या जुन्या वहीतून नाहीतर गाईडमधून. मग प्रयोगशाळेत उरतं काय? परीक्षानळी हातात धरायची, शेजारच्याला कोपरखळी मारायची आणि घंटेची वाट पाहायची!

मी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्याकडे प्रयोगशाळा नाही, एक कपाट आहे. पण चौथीच्या मुलांसमोर हळदीच्या पाण्यात चिमूटभर चुना टाकला, की ‘बाई, लाल कसं झालं?’ म्हणून ती वर्ग डोक्यावर घेतात. हीच मुलं नववीत गेल्यावर रस्त्यात भेटतात आणि म्हणतात, ‘बाई, प्रॅक्टिकल बोअर असतं. उत्तर आधीच माहीत असतं ना!’

असतं का खरंच?

मोरचुदाचा प्रयोग घ्या. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्याच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा सोडायचा. पुस्तक सांगतं, खिळ्यावर तांबूस थर बसतो आणि निळा रंग फिका होऊन हिरवट होतो. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, म्हणून ते तांब्याला द्रावणातून हुसकावतं आणि त्याची जागा पटकावतं. तांबं बिचारं खिळ्यावर जाऊन बसतं!

आता पाहा, तास पस्तीस मिनिटांचा. हजेरी आणि साहित्यवाटपात दहा मिनिटं गेली. द्रावण दाट झालं असेल, तर उरलेल्या वेळात खिळा तांबूस होतो, पण पाणी निळंच दिसत राहतं. खिळा गंजका असेल आणि पॉलिश पेपरनं घासला नसेल, तर थरही धड बसत नाही. आणि वहीत? ‘द्रावण हिरवट झाले.’ चाळीस मुलं, चाळीस वह्या, सगळीकडे हिरवट!

एखादीनं ‘अर्ध्या तासानंतरही द्रावण निळेच होते’ असं लिहिलं तर? मला विचाराल, तर तिला पूर्ण गुण. कारण आता तिला प्रश्न पडणार. द्रावण पातळ केलं तर? एकाऐवजी चार खिळे टाकले तर? रात्रभर ठेवलं तर?

प्रफुल्लचंद्र राय यांना असाच प्रश्न पडला होता. 1895 साली कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते पाऱ्यावर सौम्य नायट्रिक आम्लाची क्रिया करत होते. तिथे अचानक पिवळे स्फटिक दिसू लागले. त्यांना हवं होतं ते हे नव्हतंच. रायबाबूंनी ते फेकून दिले नाहीत, तपासले. निघालं मर्क्युरस नायट्राइट! 1896 साली त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. (पारा विषारी असतो बरं का, त्याच्याशी खेळायचं नाही.)

आईबाबांशीही थोडं बोलायचंय. ‘प्रॅक्टिकलचे मार्क काय, मिळतातच,’ असं म्हणून त्या दिवशी मुलाला क्लासला धाडणारे पालक मी पाहिलेत. आम्ल अंगावर उडेल, ही भीती मात्र खोटी नाही. पण केस बांधणं, नळीचं तोंड कुणाकडे न धरणं, आम्लात पाणी न ओतता पाण्यातच आम्ल थोडं थोडं घालणं, या सवयी करूनच अंगवळणी पडतात. शिक्षकांचीही अडचण असते. मुलं साठ, ब्युरेट चार! तिथे सर एकटेच प्रयोग करून दाखवतात. तेवढं तरी डोळे उघडे ठेवून बघा, आणि दिसेल तेच लिहा.

रविवारी घरी हे करा. पांढऱ्या कागदाला हळदीचं पाणी लावून वाळवा. एका कोपऱ्यात चुन्याच्या निवळीचा थेंब टाका (डोळ्यांना हात लावू नका), दुसऱ्यात साबणाच्या पाण्याचा, तिसऱ्यात खायच्या सोड्याच्या पाण्याचा. तिन्ही डाग सारखेच लाल दिसतात का? वाळल्यावर काय होतं? त्यांच्यावर लिंबू पिळलं तर? ताईला विचारण्याआधी लिहून काढा.