लाँगयिअरब्येन

नॉर्वेच्या स्वालबार द्वीपसमूहाचे प्रशासकीय केंद्र व प्रवासी जहाजांचा आर्क्टिकमधील थांबा. लोकसंख्या सु. २,५००. हे स्पिट्सबर्गन बेटावर सु. ७८° १३′ उ. अक्षांशावर वसले आहे. अमेरिकन उद्योजक जॉन मन्रो लाँगयिअर याच्या कंपनीने १९०६ मध्ये कोळशाच्या खाणीसाठी ते वसविले. येथील अखेरची खाण २०२५ मध्ये बंद झाली. पर्यटन व संशोधन यांवर आता गावाची भिस्त आहे.

उन्हाळ्यात जहाजे येथे काही तास थांबतात. तेवढ्या अवधीत स्वालबार संग्रहालय, चर्च (१९५८) व कोळसावाहू रज्जुमार्गाचे लाकडी मनोरे पायी पाहता येतात. जागतिक बियाणे भांडार (२००८) मात्र बाहेरूनच पाहावे लागते. संग्रहालयात शिरताना पादत्राणे काढतात. कोळशाची धूळ घरात येऊ नये म्हणून खाणकामगारांनी पाडलेली ही प्रथा आहे. ध्रुवीय अस्वलांचा धोका असल्याने वस्तीबाहेर सशस्त्र वाटाड्याशिवाय जाणे सुरक्षित नसते. १९४६ पूर्वीचे मानवी अवशेष कायद्याने संरक्षित असल्यामुळे गंजलेला खिळाही उचलता येत नाही. जे पाहण्यासाठी पर्यटक येतात, ते त्यांच्याच वर्दळीने नष्ट होऊ नये, हा यामागील हेतू होय.