"त्यांना सवय असते"

24 मार्च 2007. केनियातलं मोम्बासा, समुद्रकाठचं शहर. तिथल्या गोल्फच्या मैदानावर जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धा होती. क्रॉस कंट्रीत डांबरी रस्ता नसतो, आखलेला ट्रॅक नसतो. गवत, माती, चढ-उतार यांवरून धावायचं. पुरुषांची शर्यत 12 किलोमीटरची. इथिओपियाचा केनेनिसा बेकेले ही लांब शर्यत 2002 पासून सलग पाच वर्षं जिंकत आला होता. याही वेळी तो पुढच्यांतच होता. पण शेवटच्या फेरीत तो मंदावला, आणि थांबला. शर्यत पूर्णच केली नाही. इरिट्रियाचा झेरसेनाय टाडेसे जिंकला. त्या दिवशी आणखीही बऱ्याच धावपटूंना शर्यत अर्धवट सोडावी लागली. कारण ऊन, आणि त्याहून जास्त हवेतला दमटपणा.

आता कुणी म्हणेल, आफ्रिकेतल्या लोकांना उन्हाचं काय, त्यांना सवय असते. इथेच चूक होते. इथिओपिया आणि केनियाचे नामांकित धावपटू बहुतेक डोंगराळ, थंड हवेच्या भागातले. अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच आहे. केनियातलं इटेन हे सरावाचं प्रसिद्ध गाव तर त्याहीपेक्षा थोडं उंच. मोम्बासाचा मार्च महिना त्यांनाही परकाच.

धावताना स्नायू जी शक्ती वापरतात, तिचा बराच मोठा भाग नुसती उष्णता बनून अंगात साठतो. ती बाहेर काढायला शरीराकडे मुख्य उपाय एकच, घाम. पण नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळला पाहिजे. वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. हवाच ओली असेल तर घाम नुसता ओघळतो आणि आतली भट्टी पेटलेलीच राहते. म्हणून नागपूरच्या कोरड्या उन्हाइतकाच मुंबईचा चिकट उकाडाही घातक असतो, तापमानाचा आकडा कमी दिसला तरी.

"सवय असते" हे वाक्य आपल्या माणसांबद्दलही मी आयुष्यभर ऐकत आले. बिगारी, सफाई कामगार, पत्र्याच्या खोलीत स्टोव्हपुढे बसलेली बाई, सगळ्यांना सवय असते म्हणे! शरीराला सवय होते, हे खरं. पण त्याला दहा-चौदा दिवस लागतात, आणि कष्ट हळूहळू वाढवावे लागतात. काही आठवडे खंड पडला की ती सवय जातेही. गावाहून परत आलेला माणूस पहिल्याच दिवशी भर उन्हात पूर्ण पाळी करतो, तेव्हा धोका सर्वांत जास्त असतो.

मी वॉर्डात असताना पोलीस भरतीची तयारी करणारा एक पोरगा आला होता. वजन उतरावं म्हणून प्लास्टिकचं जाकीट घालून दुपारी धावत होता. मित्रांनी आधी तापाची गोळी दिली, खिशात कांदा ठेवला, मग तासाभराने रिक्षा शोधली. तो वाचला, पण मूत्रपिंडाला मार बसला. वर्दीचं स्वप्न तिथेच संपलं. जून 2014 मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत धावताना उमेदवारांचे जीव गेले, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

म्हणून ज्या घरात भरतीची मुलं-मुली आहेत, त्यांनी नीट वाचा. धावणारा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, उगाच चिडू लागला, तर तो "नाटक" करत नाही. त्याच्या मेंदूपर्यंत उष्णता पोचली आहे. अंग कोरडं पडेपर्यंत वाट पाहू नका. धावताना होणाऱ्या उष्माघातात घाम चालू असू शकतो. आधी सावलीत न्या, कपडे सैल करा, बादलीने पाणी ओता, वारा घाला. बर्फ मिळाला तर फडक्यात बांधून मान, काखा, जांघा इथे ठेवा. एकाने पाणी ओतत राहावं, दुसऱ्याने 108 ला फोन लावावा. गाडी येईपर्यंत पाणी थांबवायचं नाही. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका. तापाची गोळी या उष्णतेवर चालत नाही. हा जंतूंचा ताप नव्हे.

सराव पहाटे करा. एकट्याने नको. लघवी गडद पिवळी असेल तर त्या दिवशी धावणं कमी. खूप घाम गेला असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं प्या. चमचा चहाचा. बाजारातली रंगीत बाटली घ्यायची गरज नाही.

आणि "थांबलास कशाला, नाक कापलंस" असं पोराला मैदानाच्या कडेने ओरडणारे काका-मामा दर भरतीत मी पाहते. त्यांना बेकेलेचं पुढचं सांगायचं आहे. मोम्बासानंतर वर्षभराने, मार्च 2008 मध्ये, हीच स्पर्धा स्कॉटलंडमधल्या एडिनबर्गला झाली. सुरुवातीलाच त्याच्या पायातला बूट निघाला. तो थांबला, बूट पुन्हा घातला, मागे पडलेलं अंतर भरून काढलं आणि पहिला आला.