पैसे दिले, पण कोड कुणाचा?

नवी तंत्रज्ञान कंपनी काढणारे अनेक जण ॲप बाहेरच्या प्रोग्रामरकडून करून घेतात, ठरलेले पैसे चुकते करतात आणि कोड आपला झाला असे समजतात. समज स्वाभाविक आहे. कायदा मात्र वेगळे सांगतो.

भारताच्या 1957च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती मानली जाते. तिचा कॉपीराइट (नक्कल, बदल व विक्री करण्याचा हक्क) मुळात लिहिणाऱ्याचा. पगारी कर्मचाऱ्याने नोकरीचे काम म्हणून लिहिलेला कोड, उलट करार नसेल तर, कंपनीचा होतो. कंत्राटावर काम करणाऱ्या स्वतंत्र प्रोग्रामरला हा नियम लागू नाही. जमिनीची पूर्ण रक्कम दिली, पण खरेदीखत झाले नाही, तशी ही अवस्था: वापर चालू असतो, मालकी मिळालेली नसते.

मालकीसाठी हस्तांतरणपत्र (हक्क दुसऱ्याच्या नावे करणारा, सहीचा लेखी करार) लागते. तोंडी शब्द पुरत नाही. पत्रात मुदत लिहिली नाही, तर कलम 19 नुसार हस्तांतरण फक्त 5 वर्षांचे धरले जाते. प्रदेश लिहिला नाही, तर भारतापुरतेच. परदेशात ॲप विकू पाहणाऱ्याला ही राहून गेलेली एक ओळ फार महाग पडू शकते.

संस्थापकांचेही तसेच. कंपनी नोंदवण्याआधी त्यांनी लिहिलेला कोड त्यांच्या वैयक्तिक नावावर असतो, आणि एखादा संस्थापक मध्येच बाहेर पडला की वाद नेमका इथे पेटतो. म्हणून पहिले बिल चुकते करण्याआधीच हस्तांतरणपत्रावर सही घ्या. मुदत आणि प्रदेश त्यात स्पष्ट लिहा.