आजोबांची काठी आणि नातवाचा मोबाइल

मुंजींत बटूच्या हातीं जो दंड देतात, त्याची लांबीसुद्धां शास्त्रकारांनीं ठरवून दिली आहे. ब्राह्मण बटूचा दंड केसांपर्यंत पोंचावा, असें मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत आहे. आठ वर्षांच्या धडधाकट मुलास आधार नको असतो, तरी त्याच्या दंडास माप. आणि ज्या वृद्धाचा भार खरोखर काठीवर पडावयाचा, त्याची काठी मात्र कोणीहि बाजारांतून आणावी व "घ्या, आतां फिरा" म्हणून हातीं द्यावी, अशी आमच्या घरांतून चाल आहे. काठी शिकावी लागते हें आम्हांस साठीनंतर कळलें, आणि तें कळावयास आमचे थोरले बंधू अण्णा हे पडतां पडतां वांचावे लागले.

अण्णांच्या उजव्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. वॉकर सुटून हातीं काठी आली. निघतेवेळीं मिळालेल्या सूचना वसईस घरीं पोंचेपर्यंत कोणाच्याच ध्यानांत राहिल्या नाहींत. तेव्हां नातवानें मोबाइलवर एक अ‍ॅप उतरवून घेतलें. त्यांत एक बाई समोरून चालत येते, काठी कशी टेकावी तें दाखविते, पुन्हां दाखविते, आणि शंभराव्या वेळींहि चिडत नाहीं. हा गुण आमच्यांत असता, तर आमचे विद्यार्थी आम्हांस अधिक दुवा देते! अण्णांनीं आठ दिवस मन लावून पाहिलें, आणि नवव्या दिवशीं न्हाणीच्या उंबऱ्यावर त्यांचा तोल गेला. वहिनींनीं सांवरलें म्हणून निभावलें.

"अण्णा, काठी उजव्या हातांत कां धरलीत?" आम्हीं विचारलें.

"ती बाई धरते तशीच धरली," ते म्हणाले.

चूक बाईची नव्हती. तिनें काठी डाव्या हातांतच धरली होती; पण ती समोर तोंड करून उभी, म्हणून तिचा डावा हात अण्णांच्या उजवीकडे दिसे. शाळेंत कवायत घेणाऱ्या शिक्षकास ही अडचण पहिल्याच दिवशीं भेटते. मुलांपुढें तोंड करून उभें राहिल्यास त्यांचा उजवा हात वर करविण्यासाठीं स्वतःचा डावा वर करावा लागतो. पडद्यावरील शिक्षिकेस आपला विद्यार्थी दिसत नाहीं, तेव्हां ती काय करणार?

दुखऱ्या पायाच्या उलट हातांत काठी हवी, याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. उजव्या पायावर उभें राहिलें कीं शरीर डावीकडे कलूं पाहतें. तें सांवरणारे स्नायू उजव्या खुब्याच्या बाहेरच्या अंगास असतात, आणि त्यांच्या ओढीमुळें त्या सांध्यावर देहाच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. डाव्या हातांतील काठी नेमकी कलत्या बाजूस टेकू देते. थोड्याशा जोरानें सांध्याचा पुष्कळ भार उतरतो. शिवाय उजवा पाय पुढें पडतांना डावा हात आपोआप पुढें येतच असतो. उजव्या हातांतील काठीनें यांतलें कांहींच साधत नाहीं, उलट चाल बिघडते.

मापहि तसेंच सोपें आहे. रोजचें पायताण घालून ताठ उभें राहावें, हात सैल सोडावे. मनगटावरील घडी जेथें येईल तेथें काठीची मूठ यावी. मग मूठ धरली असतां कोपर किंचित् वांकलेलें राहतें. जिना चढतांना चांगला पाय आधीं. उतरतांना काठी व दुखरा पाय आधीं, आणि कठडा असेल तर एक हात कठड्यास. वसई रोड स्थानकाच्या पुलावर भलत्याच क्रमानें उतरणारीं म्हातारीं माणसें पाहून आमच्या जिवाचें पाणी होतें.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालाप्रमाणें ६५ वर्षांवरील दर शंभरांपैकीं २८ ते ३५ माणसें दर वर्षीं पडतात. साधनें मिळण्याची सोय सरकारनें केली. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ सालीं निघाली, आणि महाराष्ट्रानें २०२४ सालीं मुख्यमंत्री वयोश्री योजनेंत गरजू वृद्धांस अशा साधनांसाठीं एकदांच ३,००० रुपये देण्याचें ठरविलें. पण काठी आली, तरी ती शिकविणारा मनुष्य प्रत्येक आळींत कोठून आणावा? येथें मोबाइलचा उपयोग आहे, आणि तो पोकळ नाहीं. सिडनी येथें ७० वर्षांवरील ५०३ माणसें घेऊन, त्यांतील सुमारें निम्म्यांना 'स्टँडिंगटॉल' नांवाच्या टॅब्लेटवरील कार्यक्रमानें तोल संभाळण्याचे व्यायाम आठवड्यास दोन तास शिकविले. २०२१ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षीं सांगण्याजोगा फरक नव्हता. दोन वर्षांच्या अखेरीस मात्र पडण्याचें प्रमाण इतरांपेक्षां १६ टक्क्यांनीं कमी भरलें. आठ दिवसांत गुण मागणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

काठी कीं वॉकर, हें ठरविण्याचें काम मात्र अ‍ॅपचें नव्हे. तें फिजिओथेरपिस्टनें माणूस पाहून ठरवावें. आणि चालतां चालतां पडदा पाहणें तर सर्वथा वर्ज्य. धडा बसून पाहावा, मग मोबाइल दुसऱ्याच्या हातीं देऊन उठावें.

आमच्या घरीं आतां असें चालतें. अण्णांच्या डाव्या मनगटावर लाल दोरा बांधला आहे. काठी दोऱ्याच्या हातांत. ते ओट्यावरून विहिरीपर्यंत जातात, नातू मागून चालतो व पाठीमागून त्यांची चाल टिपतो. पाठीमागून टिपल्यानें डावें तें डावेंच दिसतें. संध्याकाळीं दोघे तें चित्र मंद गतीनें पाहतात.

"आजोबा, इथें बघा, काठी मागें राहिली तुमची."

"हा म्हातारा कोण रे?" अण्णा म्हणतात, आणि चष्मा पुसून पुन्हां पाहतात.

काठीच्या टोकाचें रबर झिजून गुळगुळीत झालेलें त्या चित्रांतच दिसलें. आषाढांत वाडींतल्या फरसबंदीवर शेवाळ धरतें. त्याआधीं नवें रबर बसविलें आहे.