रेपियर-विद्येचा ग्रंथांवरून उद्धार

जी विद्या हातानें हातास द्यावयाची तिची परंपरा एकदां तुटली म्हणजे ती केवळ ग्रंथावरून पुन्हां उभी करतां येते काय, हा प्रश्न जुन्या पोथ्या जमविणाऱ्या आमच्या वाचकांस परका वाटूं नये. युरोपांत व अमेरिकेंत सोळाव्या-सतराव्या शतकांतील तलवारीचे डाव जुन्या पुस्तकांवरून बसवून खेळणारी मंडळी आहेत. त्यांच्या उद्योगाची हकीकत येथें देण्याचें योजिलें आहे. पोषाखी करमणूक म्हणून तिची थट्टा करणें सोपें आहे; परंतु तीत संशोधकानें घेण्याजोगें पुष्कळ आहे असें आमचें मत झालें आहे.

रेपियर म्हणजे सरळ, लांब, अरुंद पात्याची, मुख्यतः अणीनें भोसकण्याची तलवार. वजन अडीच-तीन रत्तल. मुठीभोंवतीं बोटांच्या रक्षणासाठीं लोखंडी कड्यांची गुंफण. दख्खनी मुठींत बसविलेलीं जीं युरोपी पातीं आपल्याकडे ‘फिरंग’ या नांवानें ओळखलीं जातात त्यांत या जातीचींही पातीं आढळतात. मात्र मूठ बदलली कीं हाताची चालही बदलते, हें संग्राहकांनीं ध्यानांत ठेवावें.

या विद्येवर ग्रंथ विपुल झाले. कामिल्लो अग्रिप्पा या स्थापत्यज्ञाचा ग्रंथ १५५३ त रोम येथें छापला. त्यानें भूमितीच्या आधारें चार मुख्य पवित्रे सांगितले. साल्वातोर फाब्रिस याचा ग्रंथ कोपनहेगन येथें व निकोलेत्तो जिगांती याचा व्हेनिस येथें, दोन्ही १६०६ सालीं निघाले. रिदोल्फो कापोफेर्रो याचा सिएना येथें १६१० त. पुढें आखूड व हलकी तलवार प्रचारांत आली आणि रेपियर शिकविणारे वस्ताद नाहींसे झाले. एगर्टन कॅसल यानें १८८५ त या ग्रंथांचा इतिहास लिहिला. कॅसल व आल्फ्रेड हटन या दोघांनीं जुने डाव लोकांपुढें करूनही दाखविले. हटन तरुणपणीं हिंदुस्थानांतील पलटणींत होता व तेथें त्यानें तलवारीच्या सरावाचें एक मंडळही काढलें होतें. १९१० त तो वारला. पुढें महायुद्ध आलें व हा उद्योग थंडावला. १९६६ त कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें मध्ययुगीन जीवनाचें अनुकरण करणारी एक संस्था निघाली. तिच्यांत कालांतरानें रेपियरही शिरली. शतकाच्या अखेरीपासून निव्वळ ग्रंथनिष्ठ अभ्यास करणारे आखाडेही ठिकठिकाणीं निघाले आहेत.

अभ्यासाची रीत पाहण्याजोगी आहे. दोघे जण पुस्तक उघडून बसतात; एक वाचतो, दुसरा बोथट तलवार घेऊन तसा उभा राहतो. कापोफेर्रोच्या पुस्तकांत झेपेच्या चित्रांतील अवयवांना अक्षरें घालून त्यांचा खुलासा दिला आहे. तरी मागचें पाऊल केव्हां व किती हलावें, यावर वाद माजतातच. संज्ञा थोड्या, पण अर्थभरित. एक ‘माप’, म्हणजे शत्रूपर्यंतचें अंतर. दुसरी ‘काल’, म्हणजे शत्रूच्या ज्या हालचालीच्या अवधींत आपला घाव साधतो तो अवधि. घड्याळाशीं त्याचा संबंध नाहीं. तिसरी, आपल्या पात्याचा मुठीकडील बळकट भाग शत्रूच्या पात्याच्या टोंकाकडील दुबळ्या भागावर असा आणणें कीं त्याची अणी आपल्या अंगावरून बाजूस होईल आणि आपली मात्र त्याच्या छातीसमोर राहील. सूत्र तीन ओळींचें, पण हातीं यावयास महिने लागतात. प्रथम डाव सावकाश करावयाचा, मग वेगानें, आणि शेवटीं त्यास मुळींच वश न होणाऱ्या प्रतिस्पर्ध्यावर. तोंडावर तारेचा मुखवटा, गळ्यास कवच, अंगांत जाड बंडी. बर्कलीच्या संस्थेंत घाव लागला कीं नाहीं हें पंच सांगत नाहीं. ज्याला लागला त्यानेंच तो कबूल करावयाचा. हातास लागला तर तो हात निकामी समजून पुढें लढावयाचें. घाव लपविणाऱ्याची पत तेथें राहत नाहीं. हा शिष्टाचार आम्हांस फार आवडला.

परंतु या पडताळ्याची किंमत किती? शरीरास जें अशक्य तो अर्थ टाकावा, हें निर्विवाद. पण शक्य तेवढें सर्व ग्रंथकाराच्या मनांतलें, असें म्हणतां येत नाहीं; वृत्तांत बसणारा प्रत्येक पाठ कवीचाच असतो असें कोणता संपादक मानील? शिवाय बोथट पात्यापुढें मरणाची भीति नसते. म्हणून आजच्या सामन्यांत दोघेही एकाच क्षणीं एकमेकांस भोसकतात, असें वारंवार घडतें. जुन्या ग्रंथांचा सारा खटाटोप तेंच टाळण्याचा होता.

आणि कांहीं प्रश्न तलवारीनें सुटतच नाहींत. जिगांतीनें आपल्या पहिल्या पुस्तकांत पुढील ग्रंथाचें आश्वासन दिलें होतें. १६२२ त फ्रांकफुर्टच्या एका प्रकाशकानें जिगांतीच्या पुस्तकास फाब्रिसच्या ग्रंथाचा दुसरा भाग त्याचें नांव न घालतां जोडून दिला. १६७७ त फाब्रिसच्या जर्मन आवृत्तीच्या संपादकानें त्यावरून जिगांतीस चोर ठरविलें, आणि हा कलंक तीन शतकांहून अधिक काळ टिकला. जिगांतीचा खरा दुसरा ग्रंथ १६०८ तच छापून झालेला होता. तो लंडनच्या वॉलेस संग्रहालयांतील एका ग्रंथसंग्रहांत सांपडला व २०१३ त त्याचें इंग्रजी भाषांतर निघालें. त्यांत फाब्रिसची नक्कल नाहीं. एका छापील प्रतीनें एका मृत वस्तादाची अब्रू परत आणली.

आपल्याकडे स्थिति उलट आहे. कोल्हापुरांत मर्दानी खेळाचे आखाडे चालू आहेत. दांडपट्ट्याचे हात वस्तादाकडून शिष्यास आजही मिळतात. कमी आहे ती कागदाची. बडोद्याच्या ‘व्यायामज्ञानकोशा’सारखा मोठा प्रयत्न झाला असला तरी जुन्या दप्तरांतील पुराव्याशीं आखाड्यांतील हात ताडून पाहण्याचें काम व्हावयास हवें. ज्यांच्या संग्रहीं पट्टा, फरी-गदगा अथवा विटा यांच्या शिक्षणाविषयीं टांचणें, वस्तादांस दिलेल्या नेमणुकांचे कागद किंवा पवित्र्यांचीं चित्रें असतील त्यांनीं त्यांच्या नकला, मूळ कागदाचें माप व लेखनाचें वळण नमूद करून, मंडळाकडे पाठवाव्या.